मोलेची यादी घेऊन कुठल्या दुकानात शिरायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: शिकागोजवळ नेपरव्हिलला राहता, घरात सगळे शाकाहारी. लेकीच्या मैत्रिणीच्या आईने घरी बोलावून मोले, म्हणजे सुक्या मिरच्या, दाणे आणि मसाले वाटून केलेला दाट मेक्सिकन रस्सा, खाऊ घातला, चीज भरलेल्या तोर्तीया (मक्याच्या पातळ पोळ्या) त्यात बुडवून. तेव्हापासून तो आपल्या हाताने करायचाच असं तुम्ही ठरवलंय. त्या बाईंनी यादी लिहून दिली: आंचो, मुलातो आणि पासिया या तीन सुक्या मिरच्या, मेक्सिकन ओरेगानो, कानेला, पिलोन्सीयो, एपासोते, तोर्तीयांसाठी मासा (मासळी नव्हे, मक्याचं खास पीठ), आणि एका कोपऱ्यात ‘ओहा सांता, मिळाली तर’. घराजवळची दोन मोठी सुपरमार्केटं पालथी घातलीत, हाती लागलं ते तीळ, बेदाणे, शेंगदाणे आणि टोमॅटो. ऑनलाइन मागवायचं तर मिरच्यांपेक्षा टपालखर्च जास्त. आता विचारताय की हे सगळं आसपास मिळतं का, आणि नाहीच मिळालं तर आपल्या इंडियन ग्रोसरीतलं काय चालेल.

मिळतं. आणि त्यासाठी शिकागोपर्यंत यायचीही गरज नाही. तुमच्या शेजारी अरोरा आहे. बालाजीच्या देवळात जाताना तुम्ही त्या गावात कितीदा तरी गेला असाल. अरोरात दर पाच माणसांत दोघं तरी लॅटिन अमेरिकन वंशाची, त्यात मेक्सिकन सर्वांत जास्त. देवळातून निघून गावाच्या जुन्या भागात शिरलात की दहा-पंधरा मिनिटांत ‘कार्निसेरीया’, ‘सुपरमेर्कादो’ अशा पाट्या दिसायला लागतील. कार्निसेरीया म्हणजे खाटकाचं दुकान, पण पाटी वाचून मागे फिरू नका. मांसाचा काउंटर मागच्या बाजूला असतो. पुढचा सगळा भाग वाणसामान, भाजी आणि मिरच्यांचा. तुमच्या यादीतल्या तीन चतुर्थांश वस्तू तिथे एका फेरीत मिळतील.

मी शिकागोत सव्वीस वर्षं आहे. त्यातली अकरा वर्षं पिल्सन भागातल्या एका मेक्सिकन खाणावळीच्या स्वयंपाकघरात काढली. मिरच्या निवडणं, भाजणं, वाटणं हे माझं काम. आता शनिवार-रविवारी मेक्सिकन स्वयंपाकाचे वर्ग घेते आणि पहिला वर्ग दुकानातच भरवते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणी तुमच्यासारख्याच यादी घेऊन दमलेल्या असतात. वस्तू दुर्मिळ नसतात. त्या दुसऱ्या नावाने, दुसऱ्या फळीवर आणि बहुतेकदा दुसऱ्या दुकानात बसलेल्या असतात.

आधी नावाचं बघू. यादी इंग्रजी वळणाने वाचलीत तर दुकानातल्या माणसाला कळणार नाही. स्पॅनिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘ह’ होतो आणि दोन ‘एल’ एकत्र आले की ‘य’. म्हणून ‘guajillo’ लिहिलेली सुकी मिरची ग्वाहीयो, ग्वाजिलो नव्हे. वाळलेली लाल बोंडं म्हणजे हामायका. ते चीज कोतीहा. एवढे दोन नियम पाठ केलेत तरी अर्धं काम झालं. विचारताना ‘त्येने’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्याकडे आहे का’. ‘त्येने एपासोते?’ बस. आणि त्याहून उपयोगी शब्द म्हणजे ‘पारा’, म्हणजे ‘साठी’. नुसती ‘मिरची द्या’ म्हटलंत तर समोरचा विचारणार कुठली. ‘पारा मोले’ म्हटलंत की तो तीन पिशव्या काढून समोर ठेवेल. आपल्याकडे वाण्याला ‘पुरणासाठी डाळ’ सांगितली की तो हरभऱ्याचीच देतो, तुरीची नाही, तसंच हे.

फळीचं म्हणाल तर मेक्सिकन ओरेगानो मसाल्याच्या बाटल्यांच्या रांगेत शोधू नका. साध्या सुपरमार्केटातसुद्धा, मेक्सिकन सामानाच्या भागात, खुंट्यांवर सेलोफेनच्या छोट्या पिशव्या लटकत असतात, बाटल्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त. कानेला, ओरेगानो, बडीशेप, हामायका, मक्याची पानं, सगळं तिथे. तुम्ही ज्या दोन दुकानांत गेलात तिथेही ही रांग असण्याची दाट शक्यता आहे. ती बहुतेक डोळ्यांच्या पातळीच्या खाली किंवा रांगेच्या अगदी टोकाला असते. हा ओरेगानो पिझ्झावरच्या ओरेगानोचा भाऊबंद नाही. पिझ्झावरचा पुदिन्याच्या कुळातला. मेक्सिकोचा घाणेरीच्या कुळातला, वासाने थोडा लिंबाकडे झुकणारा. एकाच्या जागी दुसरा घातलात तर मोलेला इटालियन वास येईल, म्हणून मिळेपर्यंत थांबा किंवा घालूच नका.

आता दुकान कुठलं, हे महत्त्वाचं. पाटीवर गावाचं किंवा राज्याचं नाव असेल तर ते नीट वाचा. ग्वानाहुआतो, मिचोआकान, हालिस्को, गेरेरो, पुएब्ला, वाहाका. ती नुसती हौस नसते. मालक जिथला, त्याची गिऱ्हाइकं बहुधा तिथलीच, आणि माल त्यांच्या जिभेचा. मालवणी माणसाच्या दुकानात तिरफळ हमखास मिळेल, खानदेशी दुकानात नाही, तसंच. शिकागो आणि आसपास मिचोआकान, ग्वानाहुआतो, हालिस्को, गेरेरो इथली माणसं फार. त्यामुळे कोतीहा चीज (कोतीहा हे मिचोआकानमधलंच गाव), नोपाल (निवडुंगाची कोवळी पानं), निवडुंगाची आंबट फळं हे इथे सहज मिळतं. न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे पुएब्लाचे लोक जास्त, म्हणून तिकडे पापालो नावाची उग्र वासाची पालेभाजी जुडीने मिळते. लॉस एंजेलिसमध्ये वाहाकाचे लोक, त्यामुळे ओहा सांता आणि वाहाकाची धुरावलेली पासिया तिथे मिळवणं इथल्यापेक्षा सोपं. तुमचा मोले पुएब्लाच्या वळणाचा आहे. त्याला लागणाऱ्या तीन मिरच्या मात्र कुठल्याही मेक्सिकन दुकानात असतात, कारण मोले सगळेच करतात.

मिरच्यांपाशी जरा थांबते, कारण मोलेचा जीव त्यांच्यात आहे आणि फसगतही इथेच होते.

मेक्सिकोत ओल्या मिरचीचं नाव वेगळं आणि तीच वाळली की नाव वेगळं. पोब्लानो वाळवली की आंचो. चिलाका वाळवली की पासिया. मिरासोल वाळवली की ग्वाहीयो. पिकलेला हालापेन्यो धुरावर वाळवला की चिपोत्ले. मुलातो ही पोब्लानोचीच एक जात, वाळल्यावर काळपट तपकिरी होणारी. म्हणजे आंचो आणि मुलातो या सख्ख्या बहिणी, आकार एक, सुरकुत्या एक, आणि पिशवीत शेजारी ठेवल्या तर दोन्ही काळ्याच दिसतात. खाणावळीतल्या थोरल्या बाईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली खूण सांगते. मिरची देठापासून फाडा, बिया झटका आणि पापुद्रा खिडकीच्या उजेडासमोर धरा. आंचो असेल तर उजेड विटकरी लाल दिसतो, काचेच्या बांगडीतून पाहिल्यासारखा. मुलातो असेल तर तपकिरी, काळ्या चहासारखा. एकदा पाहिलंत की पुन्हा चूक होणार नाही. चवीतही तो फरक आहे: आंचो बेदाण्याची आठवण करून देते, मुलातो चॉकलेटकडे जाते. मोलेचा गडद रंग आणि खोल गोडवा मुलातोमुळे येतो, म्हणून ती वगळून नुसत्या आंचोवर भागवू नका.

पासियाची गंमत निराळी. ‘पासिया’ म्हणजे छोटा बेदाणा, नाव सुरकुत्यांवरून पडलंय. खरी पासिया लांब, सडपातळ, जवळजवळ काळी, वीतभर लांबीची. पण कॅलिफोर्नियात आणि तिथून माल येणाऱ्या बऱ्याच दुकानांत ओल्या पोब्लानोलाच पासिया म्हणतात, आणि मग वाळलेल्या आंचोच्या पिशवीवरही पासिया छापतात. मी नवीन असताना एका मोठ्या सुपरमार्केटातून ‘पासिया’ लिहिलेली पिशवी आणली, वीस जणांचा मोले केला आणि तो गोडच गोड, एकसुरी झाला. दोन दिवस डोकं खाजवलं. मग पिशवीतली उरलेली मिरची भिजवून पसरली, तर ती हाताच्या पंजाएवढी रुंद. आंचो! तेव्हापासून मी पिशवीवरचं नाव वाचतच नाही, आकार बघते. रुंद आणि पानाच्या आकाराची ती आंचो किंवा मुलातो; लांब आणि काळी ती पासिया, मग तिच्यावर ‘चिले नेग्रो’ लिहिलेलं असलं तरी.

ताजेपणा बोटांनी कळतो. चांगली सुकी मिरची कडक नसते. ती बेदाण्यासारखी, जुन्या मऊ चामड्यासारखी वाकते. वाकवल्यावर पापडासारखी तुटली तर ती वर्षभर पडून आहे; भाजताना जळेल आणि मोले कडू होईल. पिशवीच्या तळाशी पिवळट भुकटी किंवा जाळी दिसली तर ठेवून द्या. मोठ्या दुकानात मिरच्या उघड्या पेटीत असतात आणि चिमट्याने आपण काढून घ्यायच्या असतात. तिथून घेणं केव्हाही बरं, कारण पेट्या रोज भरल्या जातात आणि प्रत्येक मिरची हातात घेऊन बघता येते. घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा, सहा महिने जशीच्या तशी राहते.

इंडियन ग्रोसरीतली कुठली मिरची चालेल, हा तुमचा पुढचा प्रश्न. ग्वाहीयोच्या जागी ब्याडगी मी वापरलेली आहे. साल पातळ, तिखटपणा बेताचा, रंग सुरेख. ग्वाहीयोची आंबूस झाक मात्र तिच्यात नाही, ती लिंबाच्या दोन थेंबांनी भागते. चिले दे आर्बोलच्या जागी गुंटूर चालते, निव्वळ तिखटाचं काम आहे ते. पण आंचो, मुलातो, पासियाला आपल्याकडे पर्याय नाही. या जाड, गरदार मिरच्या; मोलेला दाटपणा त्यांच्या गरातून येतो. काश्मिरी मिरचीचं वाटण घालून केलेला मोले मी खाल्लाय, तो उत्तम लाल रस्सा होता, मोले नव्हता. तुम्ही अरोराच्या इतक्या जवळ असताना ही तडजोड करू नका.

आता मासा, आणि इथे शाकाहारी घरासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

मासा म्हणजे मक्याचं साधं पीठ नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सालं चोळून धुतात आणि मग ओलाच वाटतात. चुना म्हणजे आपण विड्याला लावतो तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. असा तयार झालेल्या मक्याला निक्स्तमाल म्हणतात. चुन्याने मक्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळेल अशा रूपात मोकळं होतं. युरोपाने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. इटलीत पसरला, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडेही. म्हणून इंडियन ग्रोसरीतलं मक्याचं पीठ आणून तोर्तीया लाटू नका, ती तव्यावर चिरफळते. त्या मक्याचा निक्स्तमालच झालेला नाही. त्याच रांगेत व्हेनेझुएलाचं पॅन नावाचं शिजवलेल्या मक्याचं पीठ असतं, तेही नको, ते अरेपा या तिकडच्या जाड भाकरीसाठी. तुम्हाला हवं ते ‘मासा आरीना’. मासेका हा सगळीकडे मिळणारा ब्रँड. त्याचं तोर्तीयांचं पीठ बारीक असतं, तामालेसचं, म्हणजे मक्याच्या पानात सारण भरून वाफवलेल्या उकडीचं, रवाळ. पिशवी वाचून घ्या.

ओला, ताजा मासा मिळाला तर कोरड्या पिठाकडे बघायलाच नको. तो तोर्तीयेरीयात, म्हणजे तोर्तीयांच्या कारखान्याशेजारच्या दुकानात, वजनावर मिळतो. शिकागोत १९५० पासून चालू असलेलं एल मिलाग्रो सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या कार्निसेरीयातही सकाळी मासा येतो. सकाळीच जा. दुपारनंतर तो आंबायला लागतो. आणि मागताना नीट सांगा: ‘मासा पारा तोर्तीयास’. कारण दुसरा असतो ‘मासा प्रेपारादा’, तामालेससाठी तयार केलेला, आणि त्यात मान्तेका असते. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लोण्याला ‘मान्तेकीया’ म्हणतात. दोन्ही शब्द कानाला इतके जवळचे की घाईत गडबड होते.

माझ्याकडून ती गडबड झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरगुती समारंभासाठी मी तामालेस करून नेले, आत कॉर्न आणि पोब्लानोचं सारण, सगळं शाकाहारी म्हणून. एका दुकानातून घाईत मासा घेतला होता, तो तयार मासा निघाला. पाहुण्यांमध्ये एक आजी होत्या, आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या. त्यांनी दोन तामालेस आवडीने खाल्ले. मला रात्री रिकामी पिशवी टाकताना चिठ्ठी दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगते, प्रत्येक वेळी विचारा: ‘त्येने मान्तेका?’ मासा पिठाबद्दल विचारा, डब्यातल्या घोटलेल्या बीन्सबद्दल विचारा, गव्हाच्या पिठाच्या मोठ्या तोर्तीयांबद्दल विचारा. दुकानात वजनावर मिळणाऱ्या तयार मोलेच्या गोळ्याबद्दलही विचारा. त्यात चरबी किंवा ‘काल्दो दे पोयो’, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याची पूड, असू शकते. चीजबद्दल कटाक्ष असेल तर ‘कुआहो’ हा शब्द लक्षात ठेवा, ते विरजण अनेकदा वासराच्या पोटातून येतं.

घरीच निक्स्तमाल करायची हौस असेल तर अवघड नाही. एक किलो वाळलेला पांढरा मका (पॉपकॉर्नचा नव्हे), दहा ग्रॅम चुना, तीन लिटर पाणी. अर्धा-पाऊण तास मंद उकळा, साल बोटाने निघायला लागली की बंद करून रात्रभर झाकून ठेवा. चुना पानाच्या डबीतला वापरू नका, त्यात आणखी काय मिसळलंय सांगता येत नाही. मेक्सिकन दुकानात ‘काल’ नावाने पूड मिळते, किंवा साध्या सुपरमार्केटात लोणच्याच्या बरण्यांशेजारी खाण्याजोगा चुना असतो. वाटायला मिक्सर पुरत नाही. पण तुमच्याकडे इडलीचा दगडी ग्राइंडर असेल तर तो हे काम झकास करतो. पाणी जरा जास्त लागतं, मासा सैल होतो. मग मूठभर कोरडा मासा आरीना मळून घ्यायचा.

एपासोते ओलीच घ्या. भाजीच्या थंड रांगेत, कोथिंबिरीच्या आसपास, लांबट दातेरी पानांची जुडी असते. ओळखायची खूण वास: पान चुरगाळलं की रॉकेलसारखा भपकारा येतो. पहिल्यांदा नको वाटेल. पण काळ्या घेवड्याच्या भांड्यात शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन काड्या टाकल्या की त्याच वासाचं काहीतरी खमंग होतं. वाताला बरी म्हणून ती घालतात, आपण जसा हिंग किंवा ओवा घालतो. गरोदर बायकांनी ती टाळावी, असं मेक्सिकोतही सांगतात. वाळलेली एपासोते चहाच्या पुड्यांबरोबर लटकलेली असते. तिच्यात जीव नसतो. मोलेला ती लागत नाही, बीन्सना लागते, म्हणजे यादीत ती बहुतेक सोबतच्या भांड्यासाठी लिहिलेली असणार. उन्हाळ्यात कुंडीत बी टाका, तणासारखी येते. जमिनीत लावू नका, अंगण व्यापते.

ओहा सांता मिळणं खरोखर कठीण. मिरवेल आणि नागवेल यांच्याच वंशातलं, हृदयाच्या आकाराचं, हाताएवढं मोठं पान. वास बडीशेपेसारखा. म्हणून विड्याचं पान चालेल का, असं मला वर्गात हमखास विचारतात. नाही चालत, घराणं एक असलं तरी विड्याचं पान झोंबतं आणि शिजल्यावर कडवट लागतं. त्यापेक्षा एवोकाडोची वाळलेली पानं घ्या, ‘ओहास दे आग्वाकाते’. लटकणाऱ्या पिशव्यांत असतात. तव्यावर क्षणभर शेकली की बडीशेपेचा वास सुटतो. घरच्या कुंडीतल्या हास जातीच्या झाडाची पानं तोडू नका, त्यांना वास नसतो. मेक्सिकोच्या गावठी जातीचीच लागतात. तुमच्या मोलेला मात्र ओहा सांता नसली तरी काही अडत नाही.

आता आपल्या दुकानात काय मिळेल ते. पिलोन्सीयो म्हणजे उसाच्या रसाचा शंकूच्या आकाराचा गूळ. तो शोधत फिरू नका, घरातला गडद गूळ किसा. कानेला मात्र तिकडूनच आणा: ती श्रीलंकेची खरी दालचिनी, पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेली, बोटांनी दाबली की चुरा होणारी. इंडियन ग्रोसरीत जाड सालीची मिळते ती बहुतेक कॅसिया, चवीला तिखट आणि मोलेत पुढे पुढे करणारी. भोपळ्याच्या बिया, तीळ, शेंगदाणे आपल्याच दुकानातून घ्या. हामायका म्हणजे लाल अंबाडीची वाळलेली बोंडं. विदर्भातल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. राजगिरा ‘आमारांतो’ म्हणून मिळतो आणि त्याची वडी ‘आलेग्रीया’ म्हणून, आपल्या उपासाच्या वडीची जुळी बहीण. राजगिऱ्याचं मूळ घरच तिकडचं. उन्हाळ्यात ‘वेर्दोलागास’ची जुडी दिसली तर उचला, ती आपली घोळाची भाजी, आणि इंडियन ग्रोसरीत ती क्वचितच येते. हिरवे, कागदी सालीतले तोमातीयो म्हणजे रानातल्या चिरबोटीचे थोरले भाऊ. साल सोलल्यावर फळ चिकट लागतं, ते धुऊन टाका, खराब नसतं. केळीची पानं फ्रीझरमध्ये असतात, पानगीलाही तीच चालतात. मला स्वतःला मेक्सिकन दुकानात परकं वाटणं थांबलं ते एका फेरीत हे सगळं ओळखू आल्यावर.

तुम्ही शहरात येणारच असाल तर एक जोडफेरी सुचवते. डेव्हन अव्हेन्यूवर, जिथे १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं, तिथून सरळ पूर्वेकडे मैलभर गेलात की क्लार्क स्ट्रीट लागतो. तिथून उत्तरेला रॉजर्स पार्कमध्ये मेक्सिकन दुकानांची रांगच आहे. एका दुपारी दोन्ही याद्या संपतात. मोठ्या बाजाराची हौस असेल तर लिटल व्हिलेजचा २६वा रस्ता. कमानीपासून चालायला सुरुवात करा आणि हातात मोठी पिशवी ठेवा.

जायचं केव्हा, हेही बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दुकानांत झेंडूचे ढीग लागतात, मृतांच्या दिवसासाठी. तेव्हा घरोघरी मोले होतो, म्हणून मिरच्यांचा माल ताजा आणि भरपूर असतो. वर्षाच्या मिरच्या मी तेव्हाच भरते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस शाकाहाऱ्यांसाठी पर्वणी: मांस टाळणारी गिऱ्हाइकं वाढतात, आणि नोपाल, पालेभाज्या, चीज यांनी दुकान भरून जातं. नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाची कोवळी पानं. काटे काढून, चिरून पिशवीत मिळतात. भेंडीसारखी तार सुटते, आणि ती घालवायचा उपायही भेंडीचाच, झाकण न ठेवता कोरडं परतायचं. वितलाकोचे, म्हणजे मक्याच्या कणसावरची काळी बुरशी, ताजी हवी असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस विचारा, एरवी डब्यातली.

आणि दुकानात नसेल तर मागवायला सांगा. छोट्या दुकानाचा भाजीवाला पहाटे घाऊक बाजारात जातोच. पुढच्या फेरीत तो तुमची जुडी आणू शकतो. अट एकच, आणल्यावर तुम्ही ती घ्यायला हवी. मी ओहा सांता अशीच मिळवते. दोन आठवडे आधी सांगते, संपूर्ण गठ्ठा उचलते, अर्धा फ्रीझरमध्ये ठेवते, अर्धा मैत्रिणींत वाटते. ज्याला एकदा ‘आणतो’ म्हणायला लावलंत आणि मग फिरकलाच नाहीत, तो दुसऱ्यांदा आणणार नाही.

मोले करायला तुम्हाला जड जाणार नाही. भाजणं, वाटणं, तेल सुटेपर्यंत परतणं, हे तुमच्या हातात आहेच. मिरच्या तव्यावर मात्र गोड्या मसाल्याच्या खोबऱ्याइतका वेळ ठेवू नका. वास आला, रंग जरा फुलला की उचला, काही सेकंदांचं काम आहे. मग गरम पाण्यात वीस मिनिटं. वाटण गाळून घ्या, आंचोची साल दातात येते. कोंबडीच्या रश्श्याऐवजी भाज्यांचं पाणी घाला, आणि तुमच्या यादीत बाईंनी चॉकलेट लिहिलेलं दिसत नाही, ते बहुधा त्यांनी गृहीत धरलं असेल: दालचिनी आणि साखर घातलेली गोल मेक्सिकन चकती, इबारा किंवा आबुएलिता, तिचा पाव भाग पुरे.

पहिल्या खेपेला आठ जणांसाठी आंचो शंभर ग्रॅम, मुलातो पन्नास, पासिया पन्नास घ्या. शनिवारी सकाळी दहाच्या आत अरोरात पोचा, आधी मासा घ्या, मग मिरच्यांच्या पेट्यांपाशी जा. तुम्ही एकेक मिरची वाकवून बघताना पाहून शेजारची एखादी सेन्योरा नक्की विचारेल, ‘पारा मोले?’ तिला ‘सी’ म्हणा आणि तुमची यादी दाखवा.